म्हातारी मांजर लिटर बॉक्समध्ये बसून भिंतीवर शू करते, फरशी आणि भिंत कशी वाचवायची?

डोंबिवलीची_माऊ
नमस्कार मंडळी, आमची चिंगी आता १४ वर्षांची आहे. आयुष्यभर एकदम शिस्तीची, कधी घराबाहेर नाही की घरात कुठे घाण नाही. पण पावसाळा सुरू झाल्यापासून असं व्हायला लागलंय की ती बॉक्समध्ये जाते, रेती उकरते, सगळं नीट करते आणि शू मात्र बॉक्सच्या कडेवरून मागच्या भिंतीवर जाते. तिथून ओघळ खाली येतो आणि बॉक्सच्या खाली साचतो. कधीकधी तर बॉक्सच्या पुढ्यात पायपुसण्यावरच करून मोकळी होते. घर जुनं आहे, फरशी मोझॅकची, त्या कोपऱ्यातली आता पिवळट पडलीये, भिंतीला डिस्टेंपर आहे त्याचे पोपडे निघतायत आणि खालची पुट्टी फुगलीये. सासूबाई दिवसातून दोनदा फिनाईलने पुसतात तरी दमट हवा असली की वास येतोच. त्यांचा चिंगीवर खूप जीव आहे, त्यामुळे घरात कुणाची तक्रार नाही, पण आता त्यांनाच वाकून पुसायला त्रास होतो. खाली काय अंथरावं, भिंतीला काय लावावं, कुणी केलं असेल तर प्लीज सांगा. तिला कुठे सोडून या, देऊन टाका असले सल्ले नकोत.

घारू
ताई, फरशीचं बघूच पण आधी चिंगीला डॉक्टरांना दाखवा, कारण १४ वर्षांच्या मांजरीने अचानक सवय बदलली तर त्याला बहुतेक वेळा शरीरातलंच कारण असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती बॉक्समध्ये जातेय, उकरतेय, म्हणजे तिला जागा कळतेय. मग शू वर का जाते? एकदा लांबून तिच्याकडे नीट बघा, ती पूर्ण खाली बसते की मागचे पाय अर्धे ताठ ठेवून उभ्या उभ्याच करते. म्हाताऱ्या मांजरांचे कंबर आणि गुडघ्याचे सांधे दुखतात, १२ वर्षांच्या पुढच्या बहुतेक मांजरांच्या एक्सरेत सांध्यांची झीज दिसते, पण मांजर लंगडत नाही की ओरडत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. खिडकीत उडी मारणं बंद झालंय का, पाठीमागच्या केसांच्या गाठी होतायत का (तिथपर्यंत मान वळवून चाटता येत नाही म्हणून), नखं वाढलीयेत का, हे बघा.

दुसरं म्हणजे पाणी जास्त पिते का? रेतीचे गोळे आधीपेक्षा मोठे होतायत का? या वयात किडनी, शुगर, थायरॉईड या तिन्हींत शू वाढते. रक्त तपासणीत क्रिएटिनिन (किडनीसाठी), शुगर आणि टी४ (थायरॉईडसाठी) करायला सांगा, शिवाय लघवीची तपासणी. डोंबिवलीत कुणी नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेता येईल, पण इतक्या लांब लोकलने म्हातारीला नेण्यापेक्षा जवळच्या डॉक्टरांकडे रक्त दिलेलं बरं.

आणि दोन गोष्टी कृपा करून करू नका. शू कमी व्हावी म्हणून पाणी कमी करू नका, किडनीचा त्रास असेल तर त्याने जीवावर बेतेल. आणि सांधे दुखतात म्हणून आपली पॅरासिटामॉल अर्धी पाव काहीही देऊ नका, मांजराला ते विष आहे, एका गोळीने जीव जातो.

सुतारपक्षी
घारूने लिहिलंय ते बरोबर, आता मी कामाचं सांगतो.

बाजारात मिळतात ते उथळ ट्रे विसरा. कपडे-पांघरुणं ठेवायला ५०-६० लिटरचे प्लास्टिकचे स्टोरेज टब मिळतात ना, त्यातला लांबट बघून घ्या. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी टब लांब हवा, म्हणजे आत वळता येतं. झाकण वापरायचं नाही. एका बाजूला आत जायला खाच कापायची, तिची खालची कड जमिनीपासून ३-४ इंचांच्या वर नको, नाहीतर दुखऱ्या पायांनी ती चढणारच नाही आणि पुढ्यातच करेल, तुमच्या पायपुसण्याचं बहुतेक हेच कारण आहे. कापताना आधी खालच्या दोन्ही कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडा, मग करवतीच्या पात्याने त्या भोकांपर्यंत कापा, म्हणजे प्लास्टिक तडकत नाही. कडा पॉलिश पेपरने घासून वर जाड टेप लावा. बाकीच्या तिन्ही बाजू उंचच राहू द्या, चिंगीची अर्धी शू तिथेच अडेल. रेती दोन इंचच भरा, जास्त भरली की पाय रुततात आणि म्हाताऱ्या मांजराचा तोल जातो.

आता भिंत. फुगलेली पुट्टी पूर्ण खरवडून काढा, वास त्या पुट्टीत बसलेला असतो, त्यावरून नुसता रंग मारलात तर पुढच्या पावसाळ्यात परत येणार. पूर्ण वाळू द्या, मग ऑईल प्रायमर आणि वर ऑईलपेंट, जुन्या सरकारी शाळांत भिंतीला खाली पट्टा असायचा तसा तीन फुटांपर्यंत. रंगाचा वास जाईपर्यंत चिंगीला दुसऱ्या खोलीत ठेवा. हे दिवाळीत करा, आत्ता पावसात भिंत वाळायची नाही. तोपर्यंत टबखाली मेणकापड अंथरा आणि कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींना सनपॅक शीट (आतून पोकळ असलेली हलकी प्लास्टिकची शीट) लावा. मधे सांधा नको, एकच शीट हाफ कट मारून (अर्ध्या जाडीपर्यंतच कापून) काटकोनात वाकवायची, आणि खालची कड टबच्या मागे जमिनीवर न टेकवता मेणकापडावर आत वळवायची, म्हणजे ओघळ शीटच्या मागे न जाता मेणकापडावर येतो. ओल असलेल्या भिंतीला डबल टेप टिकत नाही, वरून दोन खिळे मारा सरळ.

वसुधा_मावशी
माझ्याकडे तीन म्हाताऱ्या मांजरी होऊन गेल्या आणि आता चौथी आहे, म्हणून कळकळीने लिहिते. सासूबाईंना सांगा की ते फिनाईल आजच बंद करा. मांजराच्या लिव्हरला फिनॉल पचवता येत नाही, ती त्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं होतं ते कुठलंही जंतुनाशक मांजराच्या घरात नको, डेटॉलसुद्धा नको. ब्लीच तर शूवर कधीच ओतू नका, शूतल्या अमोनियाबरोबर त्याचा घातक वायू तयार होतो, वाकून पुसणाऱ्या माणसाच्याच नाकात जातो तो.

वास का जात नाही ते सांगते. मांजराच्या शूतले वासाचे घटक फरशीत मुरून वाळतात, ते साध्या पाण्याने पूर्ण निघत नाहीत आणि हवा दमट झाली की परत वास सुटतो. त्याला एन्झाइमवाला क्लीनर लागतो, पेट शॉपमध्ये मिळतो. आधी साध्या पाण्याने दोनदा पुसून फिनाईलचा अंश काढून टाका, नाहीतर एन्झाइम काम करत नाही. मग क्लीनर भरपूर ओता, नुसता फवारू नका, शू जितकी खोल मुरली तितकाच तोही मुरला पाहिजे. वर ओलं फडकं टाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग आपोआप वाळू द्या. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. नेटवर सगळे व्हिनेगर सांगतात, ते तुमच्या मोझॅकवर नका वापरू, त्यात संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, आंबट काहीही लागलं की पॉलिश जातं आणि मग फरशी जास्तच शोषते. टॉयलेट क्लीनरही त्याचसाठी नको. डाग कुठवर गेलाय ते बघायला यूव्ही टॉर्च आणा, रात्री दिवे घालवून मारा, ओघळ चमकतो.

कोकणी_बोका
झाकणवाला बॉक्स का नाही घेत? आमच्याकडे आहे, सगळ्या बाजूंनी बंद, भिंतीचा प्रश्नच नाही. आणि खाली मेडिकलमधले अंडरपॅड, पेशंटच्या खाली घालतात ते, ओले झाले की फेकून द्यायचे. भाड्याच्या घरात हेच सोपं पडतं.

घारू
अंडरपॅड मस्त, ते नक्की घ्या, पायपुसण्याच्या जागी तेच घाला. झाकणाचं मात्र तुमचा बोका किती वर्षांचा त्यावर आहे. उभ्याने करणाऱ्या म्हातारीचं डोकं झाकणाला लागतं, आत अमोनिया कोंडतो, आणि शू झाकणाच्या सांध्यातून बाहेर गळते ती वेगळीच. आणि बोका आहे म्हणून सांगून ठेवतो, तो बॉक्समध्ये वारंवार जातोय, जोर करतोय आणि थेंबच येतायत किंवा काहीच येत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री असाल तसे डॉक्टरकडे जा, लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत बोका जातो.

डोंबिवलीची_माऊ
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. घारू म्हणाले तसंच निघालं, एक्सरेत दोन्ही खुब्यांची झीज आहे आणि क्रिएटिनिन पण थोडं वाढलंय. किडनीचं खाणं सुरू केलंय, दुखण्याचं औषध किडनी बघून अगदी कमी डोसमध्ये दिलंय, पंधरा दिवसांनी परत रक्त. सासूबाईंनी फिनाईलची बाटली स्वतः खाली वॉचमनला देऊन टाकली. टब कापून झाला, चिंगी त्यात जातेय, मागची कड उंच असल्याने भिंतीवर आता क्वचितच जातं. सुतारपक्षी दादा, सनपॅक शीट कुठे मागायची? हार्डवेअरवाल्याला कळलंच नाही.

सुतारपक्षी
हार्डवेअरवाल्याकडे नाही, दुकानांच्या पाट्या आणि फ्लेक्स बनवतात त्यांच्याकडे जा, मापाने कापून देतात. दोन फूट उंची सांगा आणि पांढरी घ्या, ओघळ लगेच दिसतो.

वसुधा_मावशी
आणि माऊ, चिंगी रात्री जिथे झोपते तिथे जवळ एक दुसरा बॉक्स ठेव, किडनीवाल्यांना लांब चालत जाईपर्यंत धरवत नाही.