आईचा चिकुनगुनियाचा रिपोर्ट निगेटिव्ह, पण सांधे धरलेलेच. नवीन व्हायरस असू शकतो का?

वावरातला_बीएस्सी
आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पोळा झाला अन् आईला फणफणून ताप भरला. दुसऱ्याच दिवशी तालुक्याला नेऊन रक्त तपासलं. मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुनिया, तिन्ही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे. ताप उतरला, पण आता दसरा तोंडावर आला तरी मनगटं, घोटे अन् बोटांची पेरं सुजलेलीच. सकाळी पाण्याचा गुंड उचलवत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. सोयाबीन सोंगणीला आलंय आणि आमच्या आळीत निम्म्या बाया अशाच भिंत धरून चालतात. गावात बोलणं सुरू आहे की नवीन व्हायरस आहे, सरकार लपवून राहिलं. मी वाचलं की मायारो, ओन्योंग-न्योंग असेही सांधे धरणारे विषाणू आहेत. ते इकडे आले असतील का?

भाऊ_घाटंजी
चिकुनगुनियाच आहे बापा, रिपोर्ट काही का म्हणेना. आमच्याकडं एक जण इंजेक्शन देऊन राहिला, माणूस दुसऱ्या दिवशी वावरात, अन् आठवड्यानं पुन्हा खाटेवर. त्यात काय असते कोणी सांगत नाही.

लॅबवाली_मावशी
बाळा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे: "दुसऱ्याच दिवशी". मी सरकारी प्रयोगशाळेत सुया टोचण्यात आयुष्य घालवलं, म्हणून सांगते. तुमच्याकडं बहुतेक आयजीएमची तपासणी केली असणार. ती विषाणू शोधत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला चार-पाच दिवस तरी लागतात. पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर करायची. आठवडा उलटला की आयजीएम. दुसऱ्या दिवशीचं आयजीएम निगेटिव्ह म्हणजे पेरल्या दिवशीच उगवलं नाही म्हणून तक्रार करणं. गावोगाव हेच चालते. निगेटिव्ह कागद हातात पडला की पेशंट "नवीन व्हायरस" म्हणतो आणि डॉक्टर "व्हायरल" म्हणतो. दोघंही मोकळे.

आईला आता घेऊन जा. आयजीएम साधारण दोन महिने तरी सापडते. जिल्ह्याला सेंटिनल केंद्र, म्हणजे साथींवर नजर ठेवणारं केंद्र, असलेल्या सरकारी रुग्णालयात पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) किटवर एलायझा, म्हणजे हीच प्रतिपिंडांची तपासणी, होते, पैसे लागत नाहीत. चिठ्ठीवर ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते डॉक्टरांना लिहायला लाव. ती तारीख नसलेली किती ट्यूब माझ्या हाताखालून गेल्या, सांगू नये. लॅबवाल्याला तारखेशिवाय रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही. आणि आईच्या नाकाच्या शेंड्यावर, गालावर काळपटपणा आला का बघ. चिकुनगुनियात पुष्कळांना येतो.

नवीन विषाणू आपल्याकडं सापडतच नाही असं मात्र नाही हो. १९६५ ला नागपुरात चिकुनगुनियाची साथ होती. तेव्हा तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात भलताच विषाणू निघाला. रुग्ण चांदीपुऱ्याचे, म्हणून विषाणूचं नावही चांदीपुरा. तो डासानं नाही, वाळूमाशीनं पसरतो, आणि पुढं २००३ मध्ये आंध्रात त्यानं लेकरांचे जीव घेतले. हे कळलं कशानं? साथीचं नाव माहीत असूनही कोणीतरी नमुने नीट तपासले म्हणून.

ओन्योंग-न्योंग १९५९ मध्ये युगांडात सापडला, तो ॲनोफेलिसवर, म्हणजे मलेरियाच्या डासावर, चालतो. मायारो त्रिनिदादचा. दोन्ही चिकुनगुनियाचे भाऊबंद, पण दारव्ह्यात त्यांच्यावर संशय घ्यायला आज काही कारण दिसत नाही. आधी जवळचं तपासू. यात एक विसरू नका: सोंगणी-निंदणाच्या दिवसांत वावरातून येणारा ताप स्क्रब टायफसही असतो. २०१८ ला नागपूर भागात त्याचे पुष्कळ रुग्ण निघाले. काखेत, जांघेत, कमरेपाशी सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली असली तर लगेच दाखवा. तो जिवाणू आहे, डॉक्सिसायक्लिननं बरा होतो, पण उशीर महागात पडतो.

पीएचडी_नागपूर
मावशींच्या म्हणण्यात एक भर. चिकुनगुनियाचा विषाणू तोच असला तरी बदलत राहतो. १९६३ ला कोलकाता, पुढं चेन्नई, नागपूर, १९७३ ला बार्शी, या साथी आशियाई प्रकाराच्या होत्या. मग तीसेक वर्षं जवळपास शांतता. २००५-०६ मध्ये जो परतला तो आफ्रिकेकडचा प्रकार; २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण नोंदले. त्याच सुमारास रीयुनियन बेटावर त्याच्या आवरणातल्या एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललं आणि तो एडिस अल्बोपिक्टस डासात जास्त सहज वाढू लागला. तो बदल २००७ मध्ये केरळातही सापडला. म्हणून नमुन्यांचं जनुकीय वाचन लागतं.

लॅबवाली_मावशी
ते वाचन तुम्ही करा, मी कूलरचं सांगते. आमच्याकडं जून लागला की कूलर बंद करून मागच्या अंगणात ढकलतात, तळाला चार बोटं पाणी तसंच. चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या वर पत्र्याला चिकटवते, काळी, मोहरीहूनही बारीक. पाणी ओतून दिलं तरी ती तिथंच. कोरडी अंडी महिनोन्महिने जगतात, पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की फुटतात. ब्रशनं खरवडून घासा, रांजण आणि ड्रमही. आणि हा डास दिवसा चावतो. फवारणीचा धूर संध्याकाळी गल्लीतून जातो तेव्हा तो घरात साडीच्या घडीमागं बसलेला असतो.

भाऊ, त्या इंजेक्शनात बहुतेक स्टेरॉइड असते. ताप चालू असताना तर अजिबात नको. डेंग्यू नाही हे पक्कं होईस्तोवर पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन-डायक्लोफिनॅक नाही. सूज तीन महिन्यांवर रेंगाळली तर सांधेवाताच्या डॉक्टरला दाखवावं. काहींना वर्षभरही दुखते.

वावरातला_बीएस्सी
आई म्हणते नाकावर डाग आहे, तिला वाटलं उन्हानं पडला. सोमवारी यवतमाळला नेतो. रक्त द्यायला उपाशी जायचं का?

लॅबवाली_मावशी
नाही रे, जेवू घालून ने. आणि आळीतल्या बायांपैकी कोणाला आज-कालच ताप आला असेल तर तिलाही गाडीत घे. तिची पीसीआर होऊ शकते.