जर्मनीतलं डेबिट कार्ड: शोभेची वस्तू?

नेकारकाठचा
परवा 'पुण्याहून म्युनिक' यांनी लिहिलं, "जर्मनीत डेबिट कार्ड ही शोभेची वस्तू आहे. बेकरीत चालत नाही, ऑनलाइन चालत नाही, सीमा ओलांडली की चालत नाही. आपला भाजीवाला यांच्या पन्नास वर्षं पुढे आहे." खाली +१ ची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते मारुतीचं शेपूट झालं, म्हणून वेगळा धागा.

मालक, तुम्हाला इथे येऊन आठ महिने झालेत, मला सोळा वर्षं. इथलं डेबिट कार्ड म्हणजे जिरोकार्ड. ते व्हिसाचं नाही, मास्टरकार्डचंही नाही. इथल्या बँकांनी आपापसांत उभं केलेलं देशी कार्ड आहे ते, आणि सुमारे दहा कोटी कार्डं लोकांच्या खिशात आहेत. (म्हातारी मंडळी अजून 'ए-त्से कार्ट' म्हणतात. ते ए-त्से म्हणजे युरोचेक. त्या चेकची हमी 2001 अखेर संपली, नाव मात्र जिभेवर राहिलं.) रुपे आलं तेव्हा आपण छाती फुगवली होती ना? मग यांनी तेच केलं तर नाकं का मुरडायची?

दुकानदाराच्या बाजूने बघा. पूर्वी कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून घ्यायचा बँकांचा ठरलेला दर होता, 0.3 टक्के आणि कमीत कमी 8 सेंट. 2014 मध्ये कार्टेल खात्याने (मक्तेदारीवर नजर ठेवणारं सरकारी खातं) डोळे वटारल्यावर तो वाटाघाटीचा झाला. 2015 च्या डिसेंबरपासून युरोपीय नियमाने डेबिटची आंतरबँक फी (दुकानाची बँक ग्राहकाच्या बँकेला देते ती) 0.2 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. जानेवारी 2018 पासून कार्डाने पैसे देणाऱ्याकडून वेगळा आकार घ्यायला बंदी आहे. "कार्ड असेल तर दोन टक्के वर लागतील साहेब" हे वाक्य लक्ष्मी रोडवर ऐकलंय, स्टुटगार्टात नाही.

आणि ऑनलाइनसाठी लास्टश्रिफ्ट आहे की! आयबीएएन, म्हणजे खाते क्रमांक द्यायचा, दुकानदार खात्यातून परस्पर पैसे वळते करून घेतो. पटलं नाही तर आठ आठवड्यांत कारण न सांगता पैसे परत मागवायचे. यूपीआयवर चुकीच्या माणसाला गेलेले पैसे एकदा परत मागून बघा.

पुण्याहून म्युनिक
भाषण आवडलं. आता माझा रविवार ऐका. बेकरीत दोन ब्रेत्सेल आणि एक ब्रेड घेतला, पावणेसहा युरो झाले. मागे रांग. काउंटरवर हस्तलिखित पाटी, 'नुर बारत्सालुंग', फक्त रोख. पाव तिथेच ठेवून कोपऱ्यावरच्या परक्या बँकेच्या मशीनकडे गेलो. वीस युरो काढायला जवळपास पाच युरो आकार. म्हणजे मी पाव दोनदा विकत घेतला. तुमचे ते 0.2 टक्के मला कुठे दिसले?

शिवाय 1 जुलै 2023 पासून नव्या कार्डांवर मायेस्ट्रो (मास्टरकार्डचा शिक्का, ज्याच्यावर जिरोकार्ड परदेशात चालायचं) देणं बंद झालं. ज्या जिरोकार्डावर दुसरा कुठला शिक्का नाही, ते ॲमस्टरडॅमला दाढीच्या ब्लेडइतकंही कामाचं नाही. स्वतः अनुभव घेतलाय, ट्रामस्टॉपवर, बायकोसमोर.

नेकारकाठचा
मग बँकेकडून व्हिसा डेबिट घ्या. देतात.

पुण्याहून म्युनिक
घेतलं ना! आता ते आमचा न्हावी घेत नाही. "जिरोकार्ड असेल तर द्या." आणि काही बँकांत व्हिसा डेबिट फुकट, तुमचं देशी जिरोकार्ड हवं तर महिन्याला वेगळे पैसे. रुपेला कुणी भाडं लावलेलं ऐकलं नाही बुवा.

खडूस काकू
रोखीचं खरं कारण कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. कर. आमच्या खालच्या डोनर कबाबवाल्याकडे गल्ला म्हणजे लाकडी खण. 2020 च्या जानेवारीपासून इलेक्ट्रॉनिक गल्ला असलेल्याला पावती देणं सक्तीचं झालं, पण गल्ला ठेवायचीच सक्ती नाही! मग ठेवेल कोण? आणि आम्ही पगारदार बेचाळीस टक्क्यांच्या टप्प्यात पिळून निघतो.

रोकडा
काकू, सगळ्यांना एका सुपात पाखडू नका. माझी स्वतःची टपरी आहे, मी एकेक सेंट दाखवतो. रोख घेतो कारण मशीनचं भाडं, व्यवहाराची फी आणि पैसे जमा व्हायला दोन दिवस. वर 24 मे 2022 आठवतो ना? एका कंपनीची मशीनं सॉफ्टवेअरच्या घोटाळ्याने देशभर मेली आणि मोठमोठी सुपरमार्केटं कित्येक दिवस 'फक्त रोख' लिहून बसली होती. त्या आठवड्यात सगळे माझ्याकडे हसत आले.

तसंही रोख मरतेच आहे. बुंडेसबँकेच्या (इथली रिझर्व्ह बँक) पाहणीत 2017 ला शंभरातले 74 व्यवहार रोखीचे होते, 2023 ला 51. तुम्हाला एवढी घाई का?

खडूस काकू
एकेक सेंट दाखवता तर गल्ल्याच्या सक्तीला विरोध का? सत्ताधारी पक्षांच्या 2025 च्या युती करारात लिहिलंय, लाख युरोवर उलाढाल असेल तर 2027 पासून इलेक्ट्रॉनिक गल्ला, आणि रोखीबरोबर निदान एक डिजिटल पर्याय. अमलात येईल तेव्हा खरं, पण तुमच्या भावाबंदांचा आरडाओरडा आत्तापासूनच ऐकू येतोय.

मीनाक्षी फ्रांकफुर्ट
अवांतर होईल, पण 'ग्राहकाला संरक्षण' वाचून राहवलं नाही. मागच्या नोव्हेंबरात फ्रांकफुर्ट स्टेशनवर पर्स गेली. वीस मिनिटांत कळलं, लगेच 116 116 ला फोन करून कार्ड बंद केलं. तेवढ्यात हजार युरो मशीनमधून गेलेले. बरोबर पिन टाकून! बँक म्हणते, पिन कार्डाजवळ लिहून ठेवला असणार, म्हणून नुकसान तुमचं. मी चोर झाले का? कार्ड बंद केल्यावरही दोन दुकानांत त्याच कार्डावर सही करून खरेदी झाली. हे कुठलं संरक्षण?

काउंटरपलीकडून
मी न्युर्नबर्गला बँकेत आहे, म्हणून लिहितो. सहीची खरेदी म्हणजे कार्डावरून खातं वाचून केलेलं लास्टश्रिफ्ट. ते बँकेला विचारत नाही, म्हणून बँकेतली बंदी त्याला लागत नाही. त्यासाठी पोलिसांत जाऊन 'कूनो'मध्ये, म्हणजे चोरीच्या कार्डांची दुकानांना खबर देणाऱ्या यादीत, नोंद करावी लागते. ते पैसे परत मागवा, बुडाले तर दुकानाचे बुडतील.

पिनचं वेगळं. सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा 2004 चा निकाल आहे: चोरीनंतर थोड्याच वेळात बरोबर पिनने पैसे निघाले, तर प्रथमदर्शनी पिन कार्डासोबत होता असं धरतात. एरवी ग्राहकाची जबाबदारी 50 युरोपर्यंतच (2018 आधी 150 होती), पण ढोबळ निष्काळजीपणा असेल तर पूर्ण. ताई, राग नको, पण पिन लिहिलेला होता का?

मीनाक्षी फ्रांकफुर्ट
नव्हता! तुम्ही बँकवाले सगळे एकाच माळेचे मणी. मागून कुणी डोकावून बघितला असेल, हे तुमच्या डोक्यात येत नाही?

काउंटरपलीकडून
येतं. मग चोरीच्या जरा आधी कुठे पिन टाकला होता ते सांगा, तो अंदाज मोडता येतो. शिवाय आताच्या कायद्यात निष्काळजीपणाला पुरावा बँकेने द्यायचा, नुसती मशीनची नोंद पुरत नाही. शेवटचा पिन कधी टाकला होता?

मीनाक्षी फ्रांकफुर्ट
आठवत नाही. पन्नास युरोच्या आत टॅपच करते.

पुण्याहून म्युनिक
बघा नेकारकाठचे! यूपीआयचा पिन डोक्यात असतो, पर्समध्ये नाही.

नेकारकाठचा
आणि माझ्या मामांनी 'वीजबिल थकलंय'वाल्याला तो डोक्यातूनच काढून दिला. ऐंशी हजार. जाऊ द्या. मायेस्ट्रोचा मुद्दा तुमचा बरोबर, लिहून घ्या, पुन्हा मिळणार नाही. बेकरीचा नाही.

रोकडा
काकू गेल्या वाटतं.

खडूस काकू
इथेच आहे. तुमच्या टपरीचा पत्ता द्या, पावती मागायला येते.

मीनाक्षी फ्रांकफुर्ट
नवऱ्याने आत्ता हा धागा वाचला. पर्समध्ये छोटी वही होती, त्यात 'वन्सं' नावाने एक फोन नंबर होता म्हणे. मला वन्सं नाहीत. शेवटचे चार आकडे.

हे त्याने लिहून ठेवलं होतं, मी नाही. आणि सहीचे पैसे मी परत मागवतेच आहे.

काउंटरपलीकडून
:) कूनोची नोंद आधी करा.