वजन ९८, पळायला सुरुवात कशी करू? कोल्हापुरातल्या आमच्या सोसायटी ग्रुपवर रविवारी झालेली चर्चा

बी-२०४ दादा: नमस्कार मंडळी. रविवार हाय म्हणून निवांत विचारतोय. वय ४४, वजन ९८, उंची पाच फूट सहा. शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर. दिवसभर पायावर असतोय, पण व्यायाम म्हणाल तर काहीच नाही. कंपनीच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं, शुगर काठावर. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि हालचाल वाढवा म्हणून सांगितलं. मला पळायचंय. कॉलेजात फुटबॉल खेळायचो, ती ओढ अजून गेली नाही. काल संध्याकाळी रंकाळ्यावर संध्यामठाकडनं पळत निघालो. दोन मिनिटांत छाती भरून आली, आज दोन्ही नडग्या ठणकायलेत. ह्या वजनाला पळता येतंय का नाही, खरं सांगा.

ए-३०४: दादा, येतंय की! रोज पळायचं, एक दिवस सोडायचा नाही. आम्ही भरतीसाठी १६०० मीटर मारायलोय. पहिला आठवडा अंग दुखतंय, नंतर मोकळं होतंय. दुखतंय म्हणून बसला की संपलं.

सी-१०१ काकू: अरे बाबा, जपून. बीपीची गोळी चालू आहे म्हणतोस आणि पळतोस? आधी डॉक्टरांना विचार. घरात लहान पोरं आहेत तुझ्या.

ए-१०२ आण्णा: वजनदार माणसानं पळू नये, गुडघे जातात. सकाळी चार फेऱ्या चालावं, संध्याकाळी हलकं जेवावं. एवढं बास हाय.

बी-२०४ दादा: आण्णा, चालायचा मला कंटाळा येतो हो. पळायचं म्हटलं की मन उठतं.

सी-३०१ वहिनी: भाऊजी, मन उठतंय ना, मग तेच धरून ठेवा. मी सुरुवात केली तेव्हा माझंही वजन नव्वदच्या वर होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला दम लागला तो वजनामुळं कमी आणि वेगामुळं जास्त. फुटबॉल खेळलेल्या माणसाच्या पायाला जुना वेग आठवतो, पण आत्ताच्या शरीराला तो झेपत नाही. सुरुवातीचं पळणं इतकं हळू हवं की शेजारून भरभर चालणारा माणूस तुमच्या बरोबरीनं येईल. कुणी पुढं गेलं तर जाऊ दे. पळताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मी आरतीचं एक कडवं पुटपुटून बघायचे. मध्येच तुटलं तर वेग जास्त, लगेच चालायला लागायचं.

आणि चालणं हा त्या पळण्याचाच भाग आहे. ‘काउच टू फाइव्ह-के’, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत, नावाचा एक कार्यक्रम आहे. जॉश क्लार्क नावाच्या माणसानं १९९६ मध्ये तो तयार केला, त्याच्या पन्नाशीतल्या आईला पळायला लावायचं म्हणून. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं, असं आलटून पालटून २० मिनिटं. नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं त्याचं मोफत ॲपही काढलं आहे.

पण नऊ आठवड्यांत पूर्ण झालंच पाहिजे असं मनात धरू नका. पाचव्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी ८ मिनिटं पळणं, ५ चालणं, परत ८ पळणं असतं, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं. तिथं बरीच माणसं सोडून देतात. माझ्या मते आपल्यासारख्यांनी कुठलाही आठवडा दोनदा, तीनदा करावा. मागचा आठवडा सोपा वाटला तरच पुढं जावं. आणि तुम्ही तर पहिल्या आठवड्याच्याही आधी तीन-चार आठवडे नुसतं चाला, रोज अर्धा तास. कंटाळा येईल, तरी चाला.

ए-३०४: पण वहिनी, तीनच दिवस? एवढ्यानं स्टॅमिना कसा वाढणार?

बी-४०३ फिजिओ ताई: ह्याचं उत्तर मी देते. तू २१ वर्षांचा आणि ६२ किलोचा आहेस रे, तुझं गणित वेगळं. पळताना पाय जमिनीवर पडला की शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर येतो. चालताना तो वजनापेक्षा थोडासाच जास्त असतो. म्हणजे दादांच्या एकेका पावलाला दोनशे ते तीनशे किलो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूंचे बंध आणि हाडं घट्ट व्हायला महिने लागतात. दम टिकायला लागला की माणसाला वाटतं आपण तयार झालो, आणि नेमकं तेव्हाच नडगी किंवा टाच धरते. मधला दिवस सुट्टीचा ठेवायचा तो ह्या बंधांसाठी. ती सुट्टीसुद्धा व्यायामातच धरा.

दादा, तुमच्या नडगीचं सांगा. हाडाच्या आतल्या कडेनं वीतभर लांबीत दुखतंय, का एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते?

बी-२०४ दादा: पूर्ण कडेनं दुखतंय. एका ठिकाणी असं नाही.

बी-४०३ फिजिओ ताई: बरं. मग आठवडाभर पळणं बंद, चालणं चालू. बर्फाच्या पिशवीनं शेकलं तरी चालेल, कापडात गुंडाळून. पुढं कधी एकाच बोटाएवढ्या जागेवर कळ यायला लागली, रात्री झोपेतही दुखलं किंवा लंगडायला झालं, तर मला दाखवा. हाडाला ताण आलेला असू शकतो, तो अंगावर काढायचा नाही. मांड्या-पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जड वाटणं वेगळं, दोन-तीन दिवसांत जातं. त्याला घाबरू नका.

आण्णा, गुडघ्यांबद्दल तुमच्यासारखीच समजूत माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पेशंटची असते. २०१७ मध्ये जुन्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. हौसेनं पळणाऱ्यांत खुब्याची आणि गुडघ्याची झीज ३.५ टक्के लोकांत दिसली, बैठं आयुष्य असलेल्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी सतत पळणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे बेतानं पळणाऱ्याचे गुडघे बसून राहणाऱ्यापेक्षा बरे. पण ज्याचा गुडघा आधीच झिजलाय, सुजतोय, त्यानं ह्यावर विसंबून पळू नये. त्याला आधी तपासूनच सांगावं लागेल.

ए-१०२ आण्णा: ताई, आकडे वाचले. बसून राहिल्यानं जास्त झिजतंय हे मला माहीत नव्हतं. हळूहळू वाढवायचं हे मात्र पटलं. आमच्या तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला लगेच जोडीत उतरवत नव्हते. आधी महिना-दोन महिने हौदा उकरायचा, माती कालवायची, जोर-बैठका काढायच्या. पोरगं रडकुंडीला यायचं, कुस्ती कधी म्हणून. पण खांदा आणि मान तयार झाल्याशिवाय लाल माती अंगावर घ्यायची नाही, हा नेमच होता.

सी-३०१ वहिनी: अगदी हेच, आण्णा.

सेक्रेटरी: मध्येच लिहितोय, माफ करा. उद्या सोमवारी टाकी धुणार आहे. सकाळी १० ते १ पाणी बंद. सर्वांनी भरून ठेवावे.

सी-१०१ काकू: बरं. आणि बीपीचं काय ते कुणी बोलेना.

बी-४०३ फिजिओ ताई: काकू बरोबर विचारतायत. दादा, वय चाळीसच्या वर, बीपी, काठावरची शुगर आणि इतकी वर्षं व्यायाम नाही. पळायच्या आधी डॉक्टरांकडं जाऊन ईसीजी काढा आणि ‘मी पळणार आहे’ असं स्पष्ट सांगा. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासणं, करायची का ते डॉक्टर ठरवतील. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. तोवर सपाटीवर चालायला हरकत नाही. काही बीपीच्या गोळ्यांनी नाडीचे ठोके मुद्दामच कमी राहतात, त्यामुळं हातातल्या घड्याळावर जाऊ नका. वहिनींची आरतीची खूण त्यापेक्षा खरी. आणि छातीत दाबल्यासारखं झालं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं, कुणाला तरी हाक मारायची आणि थेट दवाखाना. जरा बसतो, बरं वाटेल, असं करायचं नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे ग्रुपवर बरेच आहेत, त्यांच्यासाठीही सांगते. काही औषधांनी व्यायामात शुगर एकदम उतरते. खिशात साखरेची पुडी ठेवा.

डी-२०२ ताई: मी इतका वेळ नुसती वाचत होते. मलाही करायचंय. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन ८४ वर गेलं ते गेलंच. पण खरं सांगू, लोक बघतात ह्याचीच लाज वाटते. घरातून बुटं घालून निघायचं म्हटलं तरी जिन्यात कुणी भेटू नये असं वाटतं.

सी-३०१ वहिनी: अगं, मला हे माहीत आहे. सुरुवातीला मी अंधारातच जायचे, कुणी ओळखू नये म्हणून. पण ते नको करूस, पायाखालचं दिसत नाही आणि एकटीनं बरंही नाही. सहा-सव्वासहाला जा, उजाडताना रंकाळ्यावर माणसांची वर्दळ असते. आजोबा, नऊवारीतल्या आजी, गळ्यात शिट्टी अडकवलेले कोच, सगळे. तिथं रोज येणाऱ्यांपैकी मला कुणी कधी टोचून बोललं नाही. उलट काही दिवसांनी ओळखीचं हसू मिळायला लागतं. माझ्याबरोबर चल. दोघी असलो की बघणाऱ्यांकडं लक्षच जात नाही.

बायकांसाठी एक गोष्ट मात्र मी ठासून सांगेन. बुटाच्याही आधी चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्या. त्यात काटकसर केली तर खांदे, पाठ, छाती दुखते आणि मग वाटतं पळणंच आपल्याला झेपत नाही. मांड्यांना मांड्या घासून सोलवटतं, त्याला गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी आतून घालायची आणि व्हॅसलीन लावायचं. सैल सुती कपडा घामानं भिजून जास्त घासतो. हे पुरुषांनाही लागू आहे, फक्त ते बोलत नाहीत.

बी-२०४ दादा: बोलतो वहिनी, मला काल तेही झालंय. बूट कसले घेऊ? सध्या सेफ्टी शूज सोडून एक जुना कॅनव्हास हाय.

सी-३०१ वहिनी: कॅनव्हास नको. राजारामपुरीत दुकानं आहेत, तिथं संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मोजे घालून बघा, अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिली पाहिजे. सगळ्यात महाग घ्यायची गरज नाही, दुकानात दहा पावलं पळून जो पायाला बरा वाटेल तो. आणि तो बूट फक्त पळायलाच ठेवा, बाजारात घालून फिरू नका.

ए-३०४: जागा कुठली बरी? गांधी मैदान जवळ आहे.

सी-३०१ वहिनी: पाऊस नसेल तेव्हा गांधी मैदान मऊ आहे, छान. पावसाळ्यात तिथं पाणी साठतं. रंकाळ्याचा पदपथ सपाट आहे, पण कडक आहे आणि पावसात शेवाळ धरतं. त्या दिवसांत तिथं फक्त चालावं. विद्यापीठाच्या आवारात झाडं आहेत, हवा सुंदर, पण चढ-उतार आहे, तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत नको. आणि गल्लीतून जाताना कुत्र्यांचा घोळका दिसला की पळू नका, चालत, त्यांच्याकडं न बघता पुढं जा.

ए-१०२ आण्णा: वजन किती उतरेल ते सांगा की त्याला. माणूस त्याच आशेवर करतो.

बी-४०३ फिजिओ ताई: आण्णा, इथंच मी आधी सावध करते. एक किलोमीटर पळायला दर किलो वजनामागं साधारण एक कॅलरी लागते. दादांना ३ किलोमीटरला तीनशेच्या आसपास. पळून झाल्यावर मिसळीची एक प्लेट आणि जादा पाव झाला की ते भरून निघालं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. त्यामुळं नुसत्या पळण्यानं काटा फार हलत नाही. वजन उतरवायचं काम जास्त करून ताटात होतं. पण बीपी, शुगर, झोप आणि कमरेचा घेर वजनाच्या आधी सुधारू शकतात. दादा, काट्यावर रोज चढू नका. महिन्यानं कमरेला टेप लावा आणि बीपी मोजा.

बी-२०४ दादा: मिसळ बंद करायची का मग?

सी-३०१ वहिनी: बंद कशाला? रविवारी खा, तर्री बेतानं घ्या. रोजचं बघा की. शिफ्टवर चहा किती होतो, त्यात साखर किती, बरोबर खारी किती. तिथनं कमी करा. तांबडा-पांढरा सोडून कोल्हापुरात कोण राहिलंय? मटण खा, भात अर्धा करा.

बी-४०३ फिजिओ ताई: आणि सुट्टीच्या दिवशी घरी दोनच गोष्टी. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठड्याला धरून, टाचा सावकाश वर-खाली. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. दोन्ही दहा-दहा वेळा, हळूहळू वाढवा. पोटरी आणि मांडी घट्ट झाली की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

ए-१०२ आण्णा: खुर्चीवरची बैठक मी घेतो त्याच्याकडनं. संध्याकाळी सातला ये रे बाबा खाली, पार्किंगमध्ये. मलाही हलायला होईल.

ए-३०४: दादा, सकाळचं रोज पळा म्हणालो ते राहू दे. मी तुमच्याबरोबर चालायला येतो, माझाही सुट्टीचा दिवस असतोय. मिनिटं मोजायचं काम माझं.

डी-२०२ ताई: वहिनी, मी येते. पण लेकीची शाळेची रिक्षा ७.४० ला असते.

सी-३०१ वहिनी: सव्वासहाला गेटवर, सातला परत. मंगळवार, गुरुवार, शनिवार. ह्या आठवड्यात आपण सगळे फक्त चालणार आहोत. भाऊजी, तुम्ही सोमवारीच ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते फिजिओ ताईंना सांगा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ६० सेकंदसुद्धा पळायचं नाही.

बी-२०४ दादा: व्हय. सोमवारी पहिली शिफ्ट हाय, तीनला सुटतो आणि थेट दवाखान्यात जातो. मंगळवारी गेटवर हाय मी.

सी-१०१ काकू: येताना रिपोर्टचा फोटो मलाही पाठव.