परसदार आणि एकच दार

‘पालिका शाळेतल्या मुलांना शिकायचंच नसतं, हे पहिल्या पाठातच कळतं’ असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. बीएड करताना मुंबईत गोवंडीच्या पालिका शाळेत सातवीच्या वर्गावर पहिला पाठ घेतला तेव्हा मीही वहीत ‘वर्ग प्रतिसाद देत नाही’ असंच लिहिलं होतं. वर्ग मराठी माध्यमाचा, पण निम्म्या मुलांच्या घरी हिंदी, काहींच्या घरी तेलुगू. कवितेतलं ‘परसदार’ मी तीनदा समजावलं. शेवटी मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घराला एकच दार आहे." पाठाचं टाचण बाजूला ठेवलं आणि प्रत्येकाला आपलं घर काढायला सांगितलं. मग सगळा वर्ग बोलायला लागला. कुणाचा पोटमाळा, कुणाच्या दारातलं पाण्याचं पिंप.

मुंबई पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, पण घरची भाषा आणि वर्गाची भाषा यातल्या अंतराबद्दल या चर्चेत कुणीच बोललेलं नाही. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा. मला ती मुलं कळायला तिसरा आठवडा उजाडला. वहीतलं ते वाक्य मी तेव्हाच खोडलं.