नव्या शिक्षकाला मार्गदर्शक द्या, पण सीआर (गोपनीय अहवाल) लिहिणारा नको

गणितवाली (चेंबूर)
यंदा जूनमध्ये आमच्या शाळेत दोन शिक्षण सेवक, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर काम करणारे नवे शिक्षक, रुजू झाले. सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड, एक सर नांदेडचे, एक मॅडम सांगलीच्या. पहिल्याच दिवशी हातात काय पडलं? वेळापत्रक, हजेरीपट आणि जुन्यांपैकी कुणालाच नको असलेली आठवीची तुकडी. बहुतेक शाळांत हेच. सेवाज्येष्ठता जितकी जास्त, तितका वर्ग शहाणा.

माझं म्हणणं: पहिलं वर्षभर नव्या शिक्षकाला त्याच विषयाचा एक जुना शिक्षक जोडून द्यावा. दोघांचेही आठवड्याला दोन तास कमी करावेत. आणि त्या जुन्याचा गोपनीय अहवालाशी काडीचा संबंध नसावा. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ३ वर्षांची सेवा समाधानकारक ठरल्याशिवाय शिक्षण सेवक कायम होत नाही. मग जो शेरा मारणार, त्याच्यापुढे "मला वर्ग आवरत नाही" असं कोण बोलेल?

निवृत्त मास्तर (गिरगाव)
बाई, आम्हाला कुणी दिला होता जोडीदार? वर्गात ढकललं, शिकलो. आता तर २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं आहे, त्यात २० आठवडे शाळेत जातात. तरी बोट धरायचं? शिवाय मागच्या बाकावर कुणी जुनं माणूस बसलं की पोरं बरोब्बर ओळखतात, हे सर कच्चे आहेत. मग वर्षभर वर्ग हाती लागत नाही.

गणितवाली
सर, छात्राध्यापकाचा पाठ चालू असतो तेव्हा मूळ बाई व्हरांड्यात उभ्या असतात, म्हणून पोरं गप्प असतात. तो वर्ग खरा नव्हे.

मागच्या बाकाचं मात्र पटलं. म्हणून आधी त्या मॅडम माझ्या तासाला बसल्या, मग मी त्यांच्या. सहावी, पूर्णांकांची बेरीज. दर दोन मिनिटांनी "समजलं?" आणि पन्नास तोंडांतून "हो बाई!" धडा पुढे. नंतर चहा घेताना म्हटलं, विचारू नका, एक गणित टाका आणि फिरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर −३ + ५ लिहिलं. खिडकीकडच्या रांगेत वहीमागून वही −८, −८, −८. पहिल्या बाकावरून मागपर्यंत उतरत गेलेलं. हे बीएडच्या कुठल्या पेपरात येतं?

विरार फास्ट
ताई, सगळं छान आहे, पण पोटाचं काय? २०२३ मध्ये मानधन वाढलं तेही प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. त्याआधी ६, ८ आणि ९ हजार होतं. मी नालासोपाऱ्यात तिघांबरोबर वन रूम किचनमध्ये राहतो. सकाळची शाळा गाठायला अंधारात लोकल पकडतो. तुमचा तो जुना शिक्षक "शाळा सुटल्यावर थांबा" म्हणाला, तर मी घरी कधी पोचू? मार्गदर्शक राहू द्या, आधी पूर्ण पगार द्या.

गणितवाली
दादा, पूर्ण पगाराला माझा दोन्ही हातांनी पाठिंबा. पण म्हणूनच तास कमी करा म्हणतेय. हे काम वेळापत्रकातच बसलं पाहिजे, शाळा सुटल्यावर नाही. पगार वाढला तरी ते −८ तसंच राहणार.

मुलुंडची मिस
आमच्या विनाअनुदानित शाळेत मेंटॉर आहे हो! तासाला येते, माझ्या फळ्याचा फोटो काढते, गूगल फॉर्ममध्ये पाचपैकी मार्क देते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते आम्ही वेबिनारला कॅमेरा बंद ठेवून, वह्या तपासत पूर्ण करतो. सरकारने मार्गदर्शक आणला की त्याचं टाचण, त्याचा नमुना अ, नमुना ब आलाच समजा. त्यापेक्षा स्टाफरूममध्ये विचारलेलं बरं.

गणितवाली
स्टाफरूममध्ये ज्याला बोलायचा संकोच नसतो तोच विचारतो. बाकीचे डबा खाऊन उठतात.

हेडसर (पूर्व उपनगर)
जरा माझ्या खुर्चीतून बघा. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पट घसरला की पद जातं. दोन शिक्षक बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला, एक बाई बाळंतपणाच्या रजेवर. रोज सकाळी प्रॉक्सी (बदली तास) लावतानाच घाम फुटतो. दोघांचे दोन-दोन तास कमी केले की ते चार तास तिसऱ्याच्याच डोक्यावर बसणार, आणि तो संघटनेकडे जाणार.

सीआरचं तर मुळीच पटत नाही. माणूस एकदा कायम झाला की तीस वर्षं वर्गात. त्याला शिकवताच येत नाही हे जोडीदाराला माहीत असून तो गप्प बसला, तर भोगायचं मुलांनी?

गणितवाली
मुलांवर हात उचलला, वर्ग सोडून गेले, तर त्याच दिवशी तुमच्या टेबलावर. ते झाकायचं नाहीच. पण गणित चुकलं, वर्ग गोंधळला, रडू आलं, हे दोघांतच राहू द्या. शेरा मारायचाय ना सर, मग तुम्ही स्वतः तासाला जाऊन बसा. निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी नव्हे, एरवीही.

हेडसर (पूर्व उपनगर)
हा टोला होता, कळला. दुसऱ्या सत्रात माझ्या शाळेतल्या एका नव्या बाईंना आठवड्याचा एक तास काढून देतो, दोन नाही. बीएलओवाले परत आले तर. सीआरमध्ये मात्र जोडीदाराचं मत मी विचारणारच.

विरार फास्ट
मग ती नवी बाई तुमच्या शाळेत तोंड उघडणार नाही, सर.