मदत हवी आहे: सांधेदुखीच्या कुत्र्याला उंच वाडगा द्यावा का? (आणि टायमरच्या फीडरचा घोळ)

मंडळी, आमचा गोट्या लॅब्रॅडॉर आहे, वय ९, वजन ३४ किलो. पुढच्या डाव्या कोपरात सांधेदुखी. जेवताना फरशीवर त्याचे पुढचे पाय फाकतात, मग तो सावरून परत उभा राहतो. तोंडाने वाडगा ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेतो आणि तिथे वाडगा अडला की मगच निवांत खातो. बघवत नाही. म्हणून उंच स्टँड मागवणार होतो, तर बहीण म्हणाली, "अजिबात नको, मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगतं त्याने." विकणारा नेमकं उलट सांगतो: उंच वाडग्यामुळे हवा कमी गिळली जाते. खरं कोणाचं धरायचं?

दुसरी गोष्ट. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो, म्हणून दुपारचं जेवण टायमरच्या फीडरवर सोपवलंय. साहेबांनी आठवड्याभरात शोध लावला की नळीत पंजा घालून खडखडवलं की चार दाणे जास्तीचे पडतात. कॅमेऱ्यात पाहिलं तर एकला पाच कमी असतानाच स्वारी फीडरसमोर बसलेली! दोन महिन्यांत वजन किलोभर वाढलं. ते सगळं पंजाचंच पाप का? एका पोर्शनमध्ये किती ग्रॅम येतात हे डब्यावर लिहिलेलं नाही, मी अंदाजाने १० धरलेत.

---

अंगणातला:
तुमच्या बहिणीचं म्हणणं हवेतलं नाही. पर्ड्यू विद्यापीठात ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आणि अतिमोठ्या जातींच्या १,६०० हून जास्त कुत्र्यांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००० साली छापून आला. पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका वाढतं वय, रक्ताच्या नात्यातल्या कुत्र्याला तोच त्रास झालेला असणं, भराभर खाणं आणि उंच वाडगा या चारही गोष्टींशी जोडलेला दिसला. त्याआधी उंच वाडगा याच त्रासावरचा उपाय म्हणून सुचवला जायचा, विकणारे अजून तेच धरून बसलेत. आता दुसरी बाजू. त्या अभ्यासात ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, आयरिश सेटर वगैरे होते, लॅब्रॅडॉर नव्हता. शिवाय ज्यांना आधीच धास्ती होती त्यांनीच वाडगे उंच केले असतील, असंही होऊ शकतं. म्हणून मी त्याला पुरावा म्हणणार नाही, पण "हवा कमी जाते" या भरवशावर स्टँडही आणणार नाही.

मुळात तुमचं वर्णन वाचून मला वाडग्याची उंची हा प्रश्नच वाटत नाही. तो घसरतोय! वाडग्याखाली नव्हे, त्याच्या पायांखाली रबरी मॅट टाका. मान वाकवायला खरंच त्रास होतोय असं डॉक्टर म्हणाले तर वाडगा चार बोटं वर घ्या, थेट छातीपर्यंत नको. (अन्ननलिका ढिली पडलेल्या कुत्र्यांना उभं करून भरवतात, ते प्रकरण वेगळं.) आणि हे लक्षात असू द्या: उलटीसाठी उमळतोय पण बाहेर काही येत नाही, पोट ढोलासारखं टणक, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही. असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची, सकाळची वाट बघायची नाही.

---

वाटीभर:
फीडरबद्दल. पोर्शन हे माप नाही, चाकाचा एक फेरा आहे. स्वयंपाकघरातला काटा काढा, दहा पोर्शन पाडा, वजन करा, दहाने भागा. डबा भरलेला असताना आणि तळाला आलेला असताना असं दोनदा करा, फरक पडतो. खाण्याचा ब्रँड बदलला, दाणे लहानमोठे झाले, की पुन्हा मोजा. पंजासाठी: फीडर कपाटात वर ठेवून खाली वाकडा पाइप सोडा, वाकणापुढे पंजा जात नाही. सेल घातलेले ठेवा, लाइट गेली तर उपाशी राहील. ओलं खाणं त्यात नको, तासाभरात वास मारतो. घाईने खात असेल तर पोळीच्या ताटासारख्या पसरट थाळीत दाणे पसरवून द्या, खोल वाडग्यात तो बकाबका गिळणार.

---

धागाकर्ता:
काल काटा काढला. दहा पोर्शनचे भरले १४० ग्रॅम! म्हणजे रोज दुपारी १०० म्हणून १४० घालत होतो आणि बिचाऱ्याच्या पंजावर आळ घेत होतो. आता ७ वर आणलंय. पाइप रविवारी बसवतो.

स्टँड रद्द. जुनी योगा मॅट कापून पायांखाली टाकली. वाडगा आहे तिथेच राहिला, पाय फाकले नाहीत, पूर्ण जेवण एका जागी उभं राहून झालं. डॉक्टरांना मानेबद्दल सोमवारी विचारतो.

फक्त मॅटचा एक कोपरा दुपारी गायब झालाय. त्यावर काही उपाय?