मदत हवी आहे: पिस्तुलाच्या गोळ्या डावीकडे खाली जातायत, स्पर्धेला तीनच आठवडे उरलेत

दादरचा_बंड्या: लवकर सांगा प्लीज. एका हाताने नेम, उजवा हात. दहातल्या सात गोळ्या डावीकडे खाली. साइट हलवून झाली, फरक शून्य.

गडवेडा: अंतर किती? एअर पिस्तूल ना?

दादरचा_बंड्या: २५ मीटर. एअर नाही हो, ठासणीचं, नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायचं.

खवचट_काका: शिवाजी पार्कात ठासणीचं पिस्तूल? आधी लायसन्स दाखव.

दादरचा_बंड्या: काका, इथे नाही! जर्मनीत ताईकडे. भाओजींच्या क्लबात स्पर्धा आहे, १३ गोळ्या, ३० मिनिटं, चांगल्या १० धरतात. इथे सावरकर स्मारकाच्या रेंजवर एअर मारतो, ते मस्त लागतं.

त्राटक_प्रेमी: रोज पहाटे ज्योतीकडे बघत बसा. माझा चष्मा सुटला.

वरळीवाली: बार कशाने उडतो, टोपीने की चकमकीच्या दगडाने?

दादरचा_बंड्या: चकमकीचं. तेही सांगायचं होतं का?

वरळीवाली: अरे, सगळं त्यातच आहे! चाप ओढल्यावर घोडा पडणार, रंजक म्हणजे बाहेरची चिमूटभर दारू पेटणार, मग नळीतली दारू. तेवढ्यात तुझा हात खाली येतो. शिवाय चापाबरोबर अख्खी मूठ आवळत असशील, म्हणून डावीकडे.

खवचट_काका: काहीतरीच. नळी पुसत नसेल. काळ्या दारूची काजळी धरते, मग कसली गोळी सरळ जाते!

वरळीवाली: काका, काजळीने गोळ्या चहूकडे विखुरतात. याच्या एकाच कोपऱ्यात जातायत. बंड्या, एअरवरच सवय कर. चाप सुटल्यावर मनात दोन मोजेपर्यंत साइट निशाणाच्या काळ्या गोलावर ठेव. तिथे गेलास की चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा लावून, दारू न भरता, नुसता चाप ओढ. भाओजींना साइटच्या टोकाकडे बघायला सांग, ते बुडालं की तू पकडला गेलास.

गडवेडा: रंजक शब्द कितीतरी दिवसांनी ऐकला. गडावर तोफेच्या मागच्या बाजूला जे छोटं भोक असतं ना, तिथे तीच घालायचे.

खवचट_काका: नळी पूस तरी.

दादरचा_बंड्या: पुसतो हो काका, दर गोळीला. आज रेंजवर दोन मोजायला गेलो, एकवरच हात खाली! एअरमध्ये छर्रा तोवर निघून गेलेला असतो, म्हणून कधी कळलंच नाही. आज ४० छर्रे, शेवटच्या दहात जरा थांबता आलं. खांदा मात्र भरून आलाय.

त्राटक_प्रेमी: जर्मनीच्या व्हिसाची तारीख किती दिवसांत मिळाली?